लेडीज गेलिक फुटबॉल २०२४: चिखलातली लीग आणि ऑगस्टचा कप

केरीकरीण

४ ऑगस्ट २०२४ला डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियमवर आयर्लंडातल्या केरी काउंटीच्या मुलींनी गॉलवे काउंटीला हरवून ऑल-आयर्लंड चॅम्पियनशिप जिंकली. याआधी जिंकली होती १९९३ साली. मधल्या ३१ वर्षांत मुलींची एक अख्खी पिढी केरीची हिरवी-सोनेरी जर्सी घालून खेळली, थकली आणि कपाला हात न लावता निवृत्त झाली. १९८२ ते १९९० अशी सलग नऊ वर्षं हा कप ज्या काउंटीत मुक्कामाला होता, तिथे हा दुष्काळ किती खुपत असेल याचा अंदाज करा.

त्या एका दुपारबद्दल इथे भरभरून लिहिलं गेलं. मला लिहायचंय ते त्याआधीच्या लीगबद्दल. जानेवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात वाईट हवेत, नॅशनल लीग चालते. बरेच जण तिला 'सराव' म्हणून उडवून लावतात. मला ते अजिबात पटत नाही. गेल्या चार वर्षांचा बायकांचा गेलिक फुटबॉल समजून घ्यायचा असेल तर लीगकडेच पाहावं लागतं.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: एका बाजूला १५ खेळाडू, मैदान आपल्या फुटबॉलच्या मैदानापेक्षा बरंच मोठं, गोलपोस्ट इंग्रजी 'एच' अक्षरासारखे. आडव्या दांडीखालून जाळ्यात चेंडू गेला की गोल, म्हणजे ३ गुण. दांडीवरून गेला की १ गुण. म्हणून धावफलक २-११ असा लिहितात: दोन गोल आणि अकरा पॉइंट, एकूण १७. चेंडू हातात घेता येतो, पण चार पावलांपेक्षा जास्त धरून पळता येत नाही. एकतर जमिनीवर टप्पा द्यायचा, नाहीतर पायाच्या चवड्यावर टाकून परत हातात घ्यायचा. सलग दोन टप्पे चालत नाहीत. पास द्यायचा तर चेंडू फेकायचा नाही, तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने ठोसायचा.

लीगमध्ये चार डिव्हिजन आहेत. पहिल्या डिव्हिजनमध्ये आठ संघ, प्रत्येकाचा प्रत्येकाशी एकदा सामना. जिंकलात तर ३ गुण, बरोबरीला १. वरचे दोन संघ फायनल खेळतात, खालचे दोन पुढच्या वर्षी डिव्हिजन दोनमध्ये. चॅम्पियनशिप (तीच ती ऑल-आयर्लंड) त्यानंतर उन्हाळ्यात.

आता हे बघा. २०२१ साली डिव्हिजन दोन जिंकली मीथने. २०२२ला डिव्हिजन एक कुणी जिंकली? मीथने. २०२२ला डिव्हिजन दोन जिंकली केरीने, २०२३ला डिव्हिजन एक केरीने. २०२३ला डिव्हिजन दोन आरमाने, आणि यंदा ७ एप्रिलला क्रोक पार्कवर डिव्हिजन एकची फायनल आरमाने, तीही आमच्या केरीला हरवून. सलग तीन वर्षं खालच्या डिव्हिजनमधून नुकताच वर आलेला संघ वरची लीग घेऊन गेला. याला योगायोग म्हणायला माझं मन तयार नाही. खालच्या डिव्हिजनमध्ये जिंकायची सवय लागते आणि ती सवय वर येतानाही सुटत नाही.

केरीचा प्रवास याच शिडीवरून झाला. २०२१ला डिव्हिजन दोनच्या फायनलमध्ये मीथकडून हार. २०२२ला वर चढले, पण ऑल-आयर्लंड फायनलमध्ये पुन्हा मीथ, ३-१० विरुद्ध १-७. २०२३ला लीग जिंकली, ऑल-आयर्लंड फायनलमध्ये डब्लिनकडून हार, ०-१८ विरुद्ध १-१०. यंदा एप्रिलमध्ये लीगची फायनलही हातची गेली. त्यानंतर ऑगस्टमध्ये कर्णधार नीव्ह कारमोडीने ऑल-आयर्लंडचा ब्रेंडन मार्टिन कप उचलला. डेक्लन क्विल आणि डॅरा लाँग या प्रशिक्षकांच्या जोडीने हाच संघ पायरी पायरीने वर आणला.

बाकीच्यांना काय वाटतं? आयर्लंडात राहणाऱ्यांनी आपापल्या काउंटीचं जरूर लिहा.

पायवाट

वाचतोय. इतकं सोपं करून सांगितल्याबद्दल आभार. एक शंका: 'काउंटी' म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं, हे समजलं. पण खेळाडू घेतात कुठून? लिलाव वगैरे असतो का? म्हणजे केरीने गॉलवेची चांगली पोरगी उचलली असं होतं का?

केरीकरीण

@पायवाट, लिलाव नाही आणि पगारही नाही. हा खेळ पूर्णपणे हौशी आहे. गावचा क्लब असतो, त्या क्लबातून काउंटीच्या संघात निवड होते. ज्या मातीत वाढलात तिचीच जर्सी, बहुतेकींच्या बाबतीत आयुष्यभर. आपल्याकडे यंदा मार्चमध्ये सांगलीच्या स्मृती मानधनाने बंगळुरूला डब्ल्यूपीएल जिंकून दिली, सगळ्यांना आनंद झाला आणि त्यात गैर काहीच नाही. पण सांगलीचा संघ आणि त्यात सांगलीच्याच पोरी, असं असतं तर सांगलीत काय माहोल झाला असता! इथे तो माहोल प्रत्येक काउंटीत असतो. ऑगस्टमध्ये केरीत घरोघरी, दुकानांवर, ट्रॅक्टरवर हिरवे-सोनेरी झेंडे लागले होते.

या मुली दिवसभर शाळेत शिकवतात, हॉस्पिटलात ड्यूटी करतात, कॉलेजला जातात, आणि संध्याकाळी काळोखात गाडी हाणत सरावाला येतात. डब्लिनमध्ये नोकरी करणारी केरीची मुलगी म्हणजे एका सरावासाठी जायला-यायला सात-आठ तासांचा प्रवास.

आकडेमोड

धागा चांगला आहे, पण मूळ मुद्द्याला माझा विरोध नोंदवतो. तुमचंच यंदाचं वर्ष घ्या. डिव्हिजन एकमधून खाली कोण गेलं? कॉर्क आणि गॉलवे. आणि ऑल-आयर्लंडच्या सेमीफायनलला समोरासमोर कोण आलं? तेच कॉर्क आणि गॉलवे! म्हणजे वसंतात ढकलून दिलेल्या दोन संघांपैकी एकाची फायनलमधली जागा जुलैमध्ये पक्की झाली. त्याआधी गॉलवेने गतविजेत्या डब्लिनला क्वार्टर फायनलमध्ये घरी पाठवलं होतं. लीगला इतकं वजन असतं तर हे व्हायलाच नको होतं.

शिवाय लीग जिंकणारं आरमा सेमीफायनललाच केरीकडून हरलं. मग लीगमधून नेमकं काय कळलं?

डब्लिनवासी

@आकडेमोड यांच्याशी सहमत. मी इथे बरीच वर्षं डब्लिनचे सामने बघतोय, पुरुषांचेही आणि बायकांचेही. मोठे संघ लीगमध्ये पूर्ण ताकदीने उतरत नाहीत. कुणी ऑस्ट्रेलियात तिथला फुटबॉल खेळून नुकतीच परत आलेली असते, तिला विश्रांती देतात. कुणाच्या कॉलेजच्या स्पर्धा चालू असतात. १८-१९ वर्षांच्या पोरींना तेव्हाच मैदानात उतरवून बघतात. डब्लिनने २०१७ ते २०२० सलग चार ऑल-आयर्लंड जिंकल्या, पण त्या चार वर्षांत लीग एकदाच हाती आली, २०१८ला. २०२०ची लीग कोविडमुळे पूर्णच झाली नाही हे खरं, तरी सांगायचा मुद्दा लक्षात येईल. डब्लिनच्या त्या मुलींना लीगवाचून काही अडलं नाही.

केरीकरीण

दोघांचेही मुद्दे वजनदार आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

डब्लिनचं बरोबर आहे, पण डब्लिन हा नियम नाही, अपवाद आहे. एवढी लोकसंख्या, एवढे क्लब. एक पोरगी जायबंदी झाली तर तिच्या जागी तेवढीच चांगली दुसरी तयार असते. छोट्या काउंटीला लीगशिवाय मोठ्या संघांशी इतके सामने मिळणार कुठे?

मीथचं उदाहरण मुद्दाम बघा. २०१५मध्ये कॉर्कने त्यांना ४० गुणांनी धुतलं होतं. चाळीस! त्यानंतर मीथ चॅम्पियनशिपचा सगळ्यात वरचा, सीनिअर गट सोडून त्याखालच्या इंटरमीजिएट गटात उतरलं. तिथेही २०१८ आणि २०१९ अशा दोन फायनल हरले. २०२०च्या डिसेंबरात इंटरमीजिएट जिंकली, २०२१ला लीगची डिव्हिजन दोन जिंकली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात सलग पाचव्या कपाच्या मागे लागलेल्या डब्लिनला ऑल-आयर्लंड फायनलमध्ये १-११ विरुद्ध ०-१२ असं हरवलं. तेव्हा मीथ सीनिअर गटात नुकतंच परतलं होतं, आणि लीगमध्ये डिव्हिजन दोनमध्येच खेळत होतं. २०२२ला मग लीग आणि ऑल-आयर्लंड दोन्ही. विकी वॉलला चेंडू घेऊन बचाव फोडत जाताना किंवा एमा डुगनला लांबून पॉइंट मारताना ज्यांनी बघितलंय त्यांना त्या संघाचा आत्मविश्वास आठवत असेल. तो इंटरमीजिएटमधल्या आणि डिव्हिजन दोनमधल्या सामन्यांतून आला होता.

राहिला प्रश्न कॉर्क आणि गॉलवेचा. ते खाली गेले तरी जुलैत उभे राहिले, कारण सात सामने ते पहिल्या डिव्हिजनमधल्या संघांविरुद्ध खेळले होते. हरणंही शिकवतंच ना? आता पुढचं वर्ष त्यांना खाली काढायचंय, आणि त्यांच्या जागी किल्डेअर आणि टायरोन वर आलेत. किल्डेअरने गेल्या वर्षी इंटरमीजिएट जिंकली होती. शिडी तीच आहे, चढणारी पावलं वेगळी.

बेलफास्टची

मी उत्तर आयर्लंडात राहते, आरमा इथून जवळ. इथली गोष्ट थोडी वेगळी आहे म्हणून लिहिते. सीमारेषेने देश वेगळे होतात, पण गेलिक खेळांत ३२ काउंट्या एकच. आरमाची मुलगी यूकेत राहते, पण खेळते आयर्लंडच्या लीगमध्ये, आणि इथल्या माणसांसाठी ही फार खोलवरची बाब आहे.

लीगची फायनल जिंकल्यावर आरमात जो जल्लोष झाला त्याला 'सराव जिंकला' म्हणायची कुणाची हिंमत झाली नसती. डिव्हिजन एक त्यांनी पहिल्यांदाच जिंकली. कॅरोलाइन ओहॅनलनसारखी खेळाडू या जर्सीत दोन दशकांहून जास्त खेळली आहे. ती डॉक्टर आहे, नेटबॉलही उच्च पातळीवर खेळली, २०१८च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत उत्तर आयर्लंडचा ध्वज तिच्या हातात होता. एवढ्या मोठ्या कारकिर्दीनंतर आरमाच्या नावावर लीग लागणं म्हणजे काय, हे तिथल्या बायकांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. एमी आणि ब्लॉहीन मॅकिन या बहिणींचंही तेच. ब्लॉहीन ऑस्ट्रेलियात मेलबर्नकडून खेळून तिथलं विजेतेपद घेऊन आली आहे.

आणि २८ जुलैला आरमाच्या पुरुषांनी गॉलवेला हरवून ऑल-आयर्लंड जिंकली. त्यानंतर बरोबर आठवड्याने गॉलवेच्या मुलीही फायनल हरल्या. गॉलवेकरांचं फार वाईट वाटलं. एकाच काउंटीने एका आठवड्यात दोन फायनल हरायच्या म्हणजे काय!

मालवणी माणूस

वाचतंय, वाचतंय. आमच्या वराडच्या वराडकरांचो लिओ तिकडे पंतप्रधान होतो तेव्हापासून आयर्लंडची बातमी दिसली की मी थांबतंय. लीग चालू असतानाच त्यांनी पद सोडायचं जाहीर केलं ना? त्या वेळी इकडे मालवण तालुक्यात पण चर्चा होती.

प्रश्न असा की एवढ्या मोठ्या मैदानावर बायका पुरुषांच्याच नियमांनी खेळतात की काही वेगळे नियम?

केरीकरीण

@मालवणी माणूस, हो, २० मार्चला जाहीर केलं आणि ९ एप्रिलला नवे पंतप्रधान आले. मधल्या ७ तारखेला लीगची फायनल झाली!

नियमांत काही फरक आहेत आणि मला ते आवडतात. बायकांचा चेंडू थोडा लहान, चार नंबरचा. काउंटीचा सामना ६० मिनिटांचा, पुरुषांचा ७०. पुरुषांना जमिनीवरचा चेंडू थेट हाताने उचलता येत नाही, आधी पाय खाली घालून वर घ्यावा लागतो. बायकांना थेट उचलता येतो, त्यामुळे खेळ अडत नाही. खांद्याने धडक देणं पुरुषांत चालतं, इथे मुद्दाम अंगावर जाणं हा फाउल. पिवळं कार्ड मिळालं की दहा मिनिटं बाहेर बसायचं, आणि तेवढा वेळ संघ चौदा जणींवर. बरेच सामने त्या दहा मिनिटांतच फिरतात.

वेळेचंही सांगते. बायकांच्या सामन्यात मैदानावरच्या घड्याळात वेळ उलटी मोजली जाते आणि संपली की भोंगा वाजतो. १९९७च्या फायनलमध्ये रेफरीने इतका जादा वेळ दिला की मोठा वाद झाला, त्यातून हे आलं. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये २०२४पर्यंत जादा वेळ किती हे रेफरीच्या मनावर होतं. या बाबतीत बायकांचा खेळ पंचवीस वर्षं पुढे होता आणि हे कुणी फारसं बोलत नाही.

खोखोवाली

मी शाळा-कॉलेजात असताना जिल्ह्याकडून खो-खो खेळले आहे, त्यामुळे हा धागा एका दमात वाचला. एसटीने रात्रभर प्रवास, सकाळी सामना, शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून झोप, हे सगळं आम्ही केलंय. म्हणून विचारते: आयर्लंड श्रीमंत देश, क्रोक पार्कसारखं स्टेडियम, तरी बायकांना पैसे नाहीत, हे कसं? पुरुषांनाही नाहीत का? आणि दुखापत झाली तर खर्च कोण करतं?

डब्लिनवासी

पगार पुरुषांनाही नाही, तोही हौशीच खेळ. पण प्रवासखर्च, जेवण, फिजिओ, जिम यांत फरक होता आणि अजून पूर्ण मिटलेला नाही. कारण असं की पुरुषांचं फुटबॉल आणि हर्लिंग (काठीने खेळायचा गेलिक खेळ) जीएए ही संघटना चालवते, बायकांचं फुटबॉल एलजीएफए ही वेगळी संघटना, आणि बायकांच्या हर्लिंगची, म्हणजे कॅमोगीची तिसरीच संघटना. मैदानं बहुतेक जीएएच्या क्लबांची. म्हणजे बायकांना दरवेळी विचारून जागा घ्यायची.

याचा सगळ्यात वाईट प्रसंग २०२० सालचा. डिसेंबरातली कॉर्क-गॉलवे सेमीफायनल आधी लिमरिकला होती, मग डब्लिनच्या पार्नेल पार्कला हलवली. सकाळी मैदान गोठलेलं. मग ऐनवेळी क्रोक पार्क, पण दुपारी तिथे पुरुषांची सेमीफायनल, म्हणून वेळ अलीकडे ओढली. गॉलवेच्या मुलींना अंग गरम करायला जेमतेम काही मिनिटं मिळाली. मी टीव्हीवर बघत होतो, राग आवरत नव्हता. वर्षभर घाम गाळलेल्या खेळाडूंना कुणी असं वागवतं?

केरीकरीण

@खोखोवाली, तुमचा अनुभव वाचून वाटलं, तुम्ही इथे असतात तर नक्की एखाद्या क्लबात असतात.

@डब्लिनवासी यांच्या लिहिण्यात भर घालते. त्या प्रसंगानंतर बऱ्याच गोष्टी हलल्या. डिसेंबर २०२०मध्ये पुरुष आणि महिला खेळाडूंच्या संघटना एक झाल्या. २०२१ला सरकारने महिला खेळाडूंचं अनुदान पुरुषांच्या बरोबरीला आणलं. २०२३च्या जूनमध्ये सगळ्या काउंट्यांच्या महिला संघांनी जाहीर केलं की यापुढचे सामने आम्ही निषेध नोंदवून खेळू. मागण्या काय होत्या? प्रवासखर्च, वेळेवर डॉक्टर आणि फिजिओ, सरावाला नीट मैदान. चॅम्पियनशिपच्या ऐन हंगामात डब्लिन, केरी, कॉर्क, सगळ्या एका सुरात बोलल्या. एरवी मैदानावर एकमेकींना तसूभर जागा न देणाऱ्या मुली!

आता मेरी मॅकअलीस, माजी राष्ट्राध्यक्ष, यांच्या समितीच्या देखरेखीखाली तिन्ही संघटना एक करायचं काम चालू आहे आणि २०२७ची मुदत ठरली आहे. मला हे व्हायला हवंच आहे. फक्त विलीनीकरणात एलजीएफएने पन्नास वर्षांत जे स्वतः उभं केलं ते विरघळून जाऊ नये. १८ जुलै १९७४ला थर्लसच्या हेज हॉटेलात चार काउंट्यांच्या लोकांनी बसून ही संघटना काढली. त्याच वर्षी डरोला पहिली फायनल, टिपरेरीने ऑफलीला २-३ विरुद्ध २-२ हरवलं. जीएएने मान्यता दिली ती १९८२ला. तोवर या बायका स्वतःच्या हिमतीवर खेळत होत्या. २०१९च्या फायनलला ५६,११४ प्रेक्षक आले, ही त्या हिमतीची कमाई आहे.

दुखापतींचा प्रश्न फार गंभीर आहे. गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध फाटणं हे मुलींमध्ये मुलांपेक्षा कितीतरी जास्त होतं, आणि एकदा फाटला की वर्ष गेलं. शीफ्रा ओशे गेल्या वर्षी केरीची कर्णधार होती. फायनलच्या तोंडावर सरावात तिचा गुडघा गेला. तरी फायनलमध्ये ती बदली म्हणून उतरली. तिच्या जिद्दीला हात जोडते, पण आई म्हणून तो प्रसंग बघताना पोटात गोळा आला होता. धडाडीचं कौतुक करताना गुडघा वाचवणारे व्यायाम प्रत्येक क्लबात लहानपणापासून शिकवले पाहिजेत, हेही तेवढ्याच जोरात बोललं पाहिजे. त्यासाठी ठरवून दिलेला वॉर्म-अप आहे, पण पावसात पाच मिनिटं उशिरा सुरू झालेल्या सरावात पहिली कात्री त्यालाच लागते.

आकडेमोड

यंदाच्या फायनलला प्रेक्षक बरेच कमी होते, तीस हजारांच्या आसपास. २०१९च्या तुलनेत ही मोठी घसरण आहे. लीगला तर आणखी कमी. तुम्ही म्हणता तसं लीगला महत्त्व असेल, तर लोक का येत नाहीत?

केरीकरीण

डब्लिन फायनलमध्ये नव्हतं, हे एक मोठं कारण. शहर तिथलं, लोक चालत येतात. केरी आणि गॉलवे दोन्ही पश्चिम किनाऱ्याचे, दोघांनाही सगळा देश आडवा ओलांडून यावं लागतं.

लीगला गर्दी कमी असते हे मान्य. पण एकदा फेब्रुवारीत केरीतल्या ट्रलीच्या ऑस्टिन स्टॅक पार्कला येऊन बघा. अटलांटिकवरून येणारा वारा असा की दांडीवरून जाणारा चेंडू हवेत थांबल्यासारखा वाटतो आणि बाजूला पडतो. त्यात लुईस नी वुर्खर्ती फ्री किक घ्यायला उभी राहते. ती गोलपोस्टच्या आत बघतच नाही. वाऱ्याचा अंदाज घेऊन पोस्टच्या बाहेरच्या एका जागेवर नजर लावते, दोन पावलं मागे, आणि चेंडू बाहेर जातोय जातोय म्हणेस्तोवर वळून आत. २००८पासून यंदापर्यंत ही बाई केरीसाठी खेळली. २०१२, २०२२, २०२३ या तिन्ही फायनल हरलेल्या संघांत ती होती. यंदा तिच्या हातात कप बघून माझ्या शेजारच्या आजीबाई ओक्साबोक्शी रडल्या.

सामना संपला की कठड्यापाशी लहान मुली जर्सी आणि मार्कर घेऊन उभ्या असतात. खेळाडू चिखलाने माखलेल्या, थंडीने ओठ निळे, तरी शेवटच्या मुलीची सही होईपर्यंत आत जात नाहीत. गर्दी हजाराच्या आत असते म्हणूनच हे होऊ शकतं. माझी लेक तिथेच ठरवून आली की तिला बचावात खेळायचंय.

आईपण

हे वाचून राहवलं नाही म्हणून सदस्यत्व घेऊन पहिलाच प्रतिसाद देते आहे. आम्ही नुकतेच कॉर्कजवळ राहायला आलोय. नवरा नोकरीत रमला, लेकीला शाळा मिळाली, मी मात्र घरात एकटी पडले आहे. वय चाळिशीच्या आसपास, शाळेनंतर कुठला खेळ खेळले नाही. असल्या बाईला क्लबात कुणी उभं करेल का? आणि सात वर्षांच्या मुलीला कुठे पाठवू?

बेलफास्टची

@आईपण, स्वागत! पहिला हिवाळा सगळ्यांनाच जड जातो. बाहेर पडा, एवढंच सांगते.

खोखोवाली

अगदी. जाच तुम्ही. आणि इथे येऊन सांगा.

केरीकरीण

@आईपण, तुमच्यासारख्यांसाठीच 'गेलिक फॉर मदर्स अँड अदर्स' नावाचा उपक्रम आहे. एलजीएफए चालवते, बऱ्याच क्लबांत आहे. आयांसाठी आणि कधीच न खेळलेल्या बायकांसाठी. स्पर्धा नाही, कुणी गुण मोजून बोलत नाही. आठवड्यातून एकदा संध्याकाळी जमायचं, थोडं धावायचं, चेंडू ठोसायला शिकायचं आणि मग चहा. मीही तिथेच शिकले. पहिली अडचण हँडपासची येते. आपण बास्केटबॉलसारखं ढकलायला जातो, आणि तो फाउल होतो. चेंडू डाव्या तळहातावर ठेवायचा, उजवी मूठ अर्धवट मिटायची आणि अंगठ्याच्या बाजूने खालून ठोसायचा. घरात लेकीबरोबर सोफ्यावर बसूनसुद्धा सराव होतो. चेंडू मात्र चार नंबरचाच घ्या.

मुलीला जवळच्या क्लबाच्या लहान मुलांच्या गटात घाला. शनिवार-रविवार सकाळी असतात. शाळेत विचारलंत तर क्लबाचं नाव लगेच कळेल, बरेच शिक्षक स्वतःच प्रशिक्षक असतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत कूल कॅम्प असतो, ६ ते १३ वर्षांच्या मुलामुलींसाठी. तिथे जर्सी आणि बॅग मिळते, आणि आठवडाभरात लेक अर्ध्या शाळेची मैत्रीण होऊन येते. बूट नवे घेऊ नका, पाय वाढतात. क्लबात जुने बूट फिरत असतात.

आणि तुम्ही कॉर्कला आहात म्हणजे थेट खाणीत आहात. २००५ ते २०१६मध्ये कॉर्कने अकरा ऑल-आयर्लंड जिंकल्या. २०१४च्या फायनलमध्ये डब्लिनकडे दहा गुणांची आघाडी असताना एका गुणाने सामना काढला. पुढच्या वर्षी त्या डिव्हिजन दोनमध्ये खेळणार आहेत, म्हणून लोक नाक मुरडतील. तुम्ही नक्की जा. दहा वर्षांपूर्वी सगळं जिंकलेला संघ खालून पुन्हा चढताना बघायला मिळणार आहे, आणि तिकीट स्वस्त.

आकडेमोड

लीग बघायची तर कुठे दिसते? भारतातून दिसेल का? मी फक्त आकडे वाचतो, सामना एकही पूर्ण बघितलेला नाही.

डब्लिनवासी

टीजी४ वर. आयरिश भाषेची वाहिनी आहे, २००१पासून ऑल-आयर्लंडचे प्रायोजकही तेच. समालोचन आयरिशमध्ये असतं, पण खेळ समजायला अडत नाही. लीगचे बरेच सामने ऑनलाइनही दाखवतात. भारतातून कुठला सामना दिसेल ते त्या त्या वेळी बघावं लागेल.

@केरीकरीण, तुमचं शिडीचं म्हणणं मला अजून पूर्ण पटलेलं नाही. पण किल्डेअरचे सामने मी या वेळी बघणार आहे. गाडीने तासाभरात पोचतो.

केरीकरीण

बघाच. जानेवारीत वेळापत्रक आलं की मी इथेच टाकते. @आईपण, क्लब सापडला की कळवा. कॉर्कमध्ये माझ्या ओळखीच्या दोघी मराठी मैत्रिणी या उपक्रमात खेळतात. व्यनि करा, गाठ घालून देते.